फटफटी आणि सोसाट्याचा वारा

पाऊस दिसतो, खड्डा दिसतो, समोरून येणारा डंपर तर लांबूनच दिसतो. वारा तेवढा दिसत नाही. तो थेट हँडलवर येऊन आदळतो आणि मगच कळतो. म्हणून वर्षानुवर्षं बाइक चालवणारी मंडळीसुद्धा वाऱ्याबद्दल फारसं बोलत नाहीत. टायर, मायलेज आणि ऑइलवर मात्र तासभर गप्पा होतात. खरं तर वाऱ्याचं वागणं अगदी ठरावीक नियमांनी चालतं आणि ते नियम भलतेच मजेदार आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: एकसारखा वाहणारा जोराचा वारा बाइकला सहसा पाडत नाही. पाडतो तो अचानक बदललेला वारा आणि त्याला घाबरून आवळून धरलेले हात. आता एकेक गंमत बघू.

दुप्पट वारा, चौपट धक्का

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. बाइक आणि तिच्यावरचा माणूस मिळून बाजूने साधारण एक चौरस मीटर जागा वाऱ्याला देतात असं धरा. ताशी ४० किलोमीटरचा आडवा वारा त्यांना अंदाजे साडेसात किलो वजनाइतक्या जोराने ढकलतो. वारा ८० चा झाला की हाच जोर तीस किलोंवर जातो.

हवामान खात्याच्या इशाऱ्यात ‘ताशी ४० ते ५० किलोमीटर, झोत ६० पर्यंत’ असं लिहिलेलं असतं. आपली नजर पहिल्या आकड्यावर थांबते. बाइकवाल्याने शेवटचा आकडा वाचावा. ५० चा वारा क्षणभर ६० झाला की वेग वीस टक्क्यांनी वाढतो, पण धक्का वाढतो चव्वेचाळीस टक्क्यांनी.

रस्ता सरळ, बाइक तिरकी

आडव्या वाऱ्यात सरळ जायचं तर बाइक सरळ ठेवून चालतच नाही. ती वाऱ्याच्या दिशेला कलती ठेवावी लागते, म्हणजे वाऱ्याचा जोर आणि बाइकचं वजन एकमेकांना तोलून धरतात. आपल्याकडच्या नेहमीच्या वाऱ्यात हा कल दोन-चार अंशांचाच असतो, त्यामुळे चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मागून येणाऱ्या मित्राला विचारा, त्याला तो स्वच्छ दिसतो.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाला पॅटागोनियात ‘रूटा ४०’ नावाचा प्रसिद्ध रस्ता आहे. जगभरातले बाइकवाले तिथे जातात आणि तासन् तास तिरक्या बाइकवर सरळ प्रवास करून येतात. त्या अक्षांशांवर वाऱ्याला अडवायला फारशी जमीनच नाही. जहाजं शिडावर चालायची त्या काळापासून खलाशी या पट्ट्याला ‘गरजणारे चाळीस’ म्हणत आले आहेत.

डावीकडे जायचंय? डावं हँडल पुढे ढकला

हे वाचून अनेकांचा विश्वास बसत नाही, पण जरा वेग आला की दोनचाकी वळते ती अशीच. डावं हँडल किंचित पुढे ढकललं की चाक क्षणभर उजवीकडे वळतं, बाइक डावीकडे झुकते आणि मग डावं वळण घेते. आपण सगळे हे सायकल शिकल्यापासून करतो, फक्त आपल्याला माहीत नसतं.

ज्यांनी हे नेमकं टिपलं त्यांच्यात विमानवाले विल्बर राइट होते. राइट बंधूंचं अमेरिकेतल्या डेटन गावात सायकलींचं दुकान होतं. विल्बरनी अनेक सायकलस्वारांना विचारलं, डावीकडे वळायला सुरुवातीला काय करता? आधी हँडल उजवीकडे नेतो, असं एकानेही सांगितलं नाही. करत मात्र सगळे तेच होते.

वाऱ्यात या माहितीचं सोनं होतं. वारा डावीकडून आला तर तो तुम्हाला उजवीकडे, म्हणजे आपल्याकडच्या वाहतुकीत दुभाजकाकडे किंवा समोरच्या गाड्यांकडे ढकलणार. अशा वेळी अंग डावीकडे टाकून हवा तसा परिणाम होत नाही, बाइक उशिरा ऐकते. डाव्या तळहाताने डावं हँडल हलकेच पुढे दाबा, ती लगेच ऐकते. वारा ज्या बाजूचा, त्या बाजूचं हँडल पुढे. एवढं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं तरी हा लेख वाचल्याचं सार्थक झालं.

सगळ्यात मोठं शीड म्हणजे तुम्ही

वारा बाइकला ढकलतो त्याहून जास्त तिच्यावरच्या माणसाला ढकलतो. छाती, पाठ, खांदे, पाठीवरची सॅक, हे सगळं उंचावर आणि रुंद. आता हात ताठ असतील तर काय होतं? झोत खांद्यावर बसतो, खांद्यातून दंडात, दंडातून मनगटात आणि मनगटातून हँडलमध्ये उतरतो. वाऱ्याने बाइक हलवलेलीच नसते, ती आपण हलवलेली असते. मग बाइक डगमगली म्हणून आपण हात आणखी आवळतो आणि पुढचा झोत आणखी नेमका हँडलपर्यंत पोचतो.

उपाय सोपा, पण भीती वाटत असताना करायला अवघड: कोपर वाकवा, मूठ सैल करा, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, अंग थोडं पुढे झुकवा. बाइकला कमरेखालून धरायचं आणि वरून मोकळं सोडायचं. झोत आला की अंग हलू द्या, हँडल हलू देऊ नका.

स्कूटरवाल्यांची इथे पंचाईत होते. गुडघ्यांनी धरायला टाकीच नाही, चाकं लहान, वजन कमी आणि पुढे पायांसमोर उभं पॅनेल. ११२ किलोंची स्प्लेंडर आणि १९५ किलोंची क्लासिक ३५० एकाच झोतात सापडल्या तर बुलेट कमी हलते, हे खरं. पण नुसत्या वजनावर विसंबू नका. त्याच बुलेटला दोन्ही बाजूंना फुगलेल्या बॅगा आणि मागे मोठी पेटी लावली, की तिचा बराचसा फायदा वाऱ्याला जातो.

कंटेनरचा आडोसा

वारा कुठे दगा देतो हे जवळून बघायचं असेल तर हायवेवर कंटेनरला ओलांडतानाचे ते काही सेकंद आठवा. वारा डावीकडून आहे. तुम्ही बाइक डावीकडे कललेली ठेवून चालला आहात. डावं हँडल दाबलेलं आहे, हाताला त्याची सवयही झाली आहे. पुढे कंटेनर. तुम्ही उजव्या बाजूने पुढे निघता. कंटेनरच्या मागच्या चाकांशी पोचलात की वारा एकदम बंद. चाळीस फुटांची लोखंडी भिंत मध्ये उभी आहे. पण तुमचा हात अजून डावीकडेच दाबतोय, म्हणून बाइक सरळ कंटेनरच्या चाकांकडे ओढली जाते. तुम्ही सावरता, हात सैल होतो. तेवढ्यात केबिन मागे पडते आणि दोन वारे एकदम अंगावर येतात: एक मघाचा आडवा, दुसरा कंटेनरने स्वतःच्या तोंडाने बाजूला फेकलेल्या हवेचा. दोन्ही तुम्हाला उजवीकडे ढकलतात.

ढकल, ओढ, ढकल. तिन्ही गोष्टी काही सेकंदांत. वाऱ्याचा जोर संपूर्ण वेळ तोच होता, फक्त तो मध्ये गायब झाला आणि परत आला. ज्यांना हा क्रम आधीच ठाऊक असतो ते बाजूला भरपूर जागा सोडून ओलांडतात आणि कंटेनर सुरू होण्याआधीच हाताचा दाब कमी करायला तयार असतात. एसटी, उसाचा ट्रक, रस्त्यालगतची डोंगराची कटाई, पुलाचा खांब, इमारतींच्या रांगेतली फट, सगळीकडे हेच घडतं. आडोसा संपतो तिथे जपा.

जाता-येता हिशेब जुळत नाही

जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर, म्हणजे पेट्रोलचा हिशेब बरोबरीत सुटला, असं वाटतं ना? सुटत नाही. तुमचा वेग ताशी ६०, समोरचा वारा ३०. बाइकला ९० ची हवा कापावी लागते आणि हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. परतीला तोच वारा मागून असेल तर कापायची हवा ३० ची, विरोध पाव. सव्वादोन अधिक पाव म्हणजे अडीच. वारा नसता तर एक अधिक एक, दोनच झाले असते. हवेशी झगडण्यात पंचवीस टक्के जास्त शक्ती गेली ती गेलीच.

आणखी एक: वारा अगदी काटकोनात बाजूने आला तरी तो तुमचा वेग खातो. ताशी ६० ने चाललेल्या बाइकला ६० चा आडवा वारा लागला, तर अंगावर येणारी हवा ८५ ची होते आणि ती समोरच्या कोपऱ्यातून येते. याच कारणामुळे स्वतःचा वेग कमी केला की आडव्या वाऱ्याचा त्रासही कमी होतो. पण म्हणून रांगत जाऊ नये. अगदी कमी वेगात दोनचाकीचा स्वतःचा तोल राहत नाही आणि मग लहानसा झोतही भारी पडतो.

पाठीवरचा वारा सगळ्यांना आवडतो. हेल्मेटमधला गोंगाट थांबतो, बाइक अलगद पळते. पण आपल्या बहुतेक कम्यूटर बाइकचं इंजिन हवेवर थंड होतं. घाटात ताशी ३० ने चढताय आणि मागून ३० चा वारा आहे, तर इंजिनाच्या पात्यांवरून हवा जवळजवळ वाहतच नाही. इंजिनावर ताण जास्त, थंडावा कमी. अशा वेळी वर पोचल्यावर पाच मिनिटं बाइक उभी करून चहा घ्यावा, इंजिनासाठी.

पाणी वर चढतं ते घाट

सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात वाऱ्याची ताकद उघड्या डोळ्यांनी दिसते. नाणेघाट, आंबोलीजवळचा कावळेसाद, पाटण तालुक्यातलं सडावाघापूर या ठिकाणी धबधबे उलटे उडतात. अरबी समुद्रावरून आलेला नैऋत्य मोसमी वारा कड्याला धडकतो, त्याला पुढे जायला वाट नसते, म्हणून तो कड्याच्या अंगाने सरळ वर उसळतो आणि खाली पडू पाहणारं पाणी उचलून परत पठारावर फेकतो. जो वारा धबधबा उचलतो, तो घाटमाथ्यावर बाइकला काय करत असेल याचा विचार करा. डोंगराच्या माथ्यावरून जाताना वाऱ्याचा वेग वाढतो. घाट चढेपर्यंत डोंगराच्या कुशीत शांत असतं आणि शेवटचं वळण संपून माथ्यावर आलं की एकदम थप्पड बसते.

रायगडाच्या टकमक टोकाची दंतकथा तर ठाऊक असेलच. महाराजांवर छत्री धरणारा सेवक वाऱ्याने छत्रीसकट उडाला, पण त्याने छत्री सोडली नाही आणि तो खाली निजामपुरात सुखरूप उतरला, अशी ती कथा. गावाचं नाव लोक आजही छत्री निजामपूर असं घेतात. कथेचं काहीही असो, पावसाळ्यात टकमक टोकावर जो उभा राहिलाय त्याला ती अशक्य वाटत नाही.

साताऱ्याहून सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघरला आणि तिथून पुढे चाळकेवाडीच्या पठारावर जाणारा रस्ता बाइकवाल्यांचा लाडका. वर पवनचक्क्यांचं जंगल आहे. एक काम करा: पवनचक्कीचं तोंड कुठे आहे ते बघा. तिची पाती नेहमी वाऱ्याकडे तोंड करून असतात, यंत्रच तिला तसं फिरवतं. म्हणजे दोन किलोमीटर अलीकडूनच कळतं की पुढच्या वळणावर वारा डावीकडून लागणार की उजवीकडून. इतका स्पष्ट फलक कुठल्याच रस्त्यावर लावलेला नसतो. आणि हो, वारा ताशी नव्वदच्या आसपास गेला की पवनचक्क्यासुद्धा स्वतःला थांबवून घेतात.

यंत्राविना वारा मोजा

१८०५ च्या सुमारास फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने वाऱ्याची शून्य ते बाराची मोजपट्टी तयार केली. तेव्हा तिच्यात वाऱ्याचा वेग लिहिलेलाच नव्हता, जहाजाने किती शिडं उभारावीत त्यावरून वारा ओळखायचा. पुढे ज्या ‘बीगल’ जहाजावरून चार्ल्स डार्विन जगप्रवासाला गेले, त्याच जहाजावर ही मोजपट्टी पहिल्यांदा अधिकृतपणे वापरली गेली. आज हवामानशास्त्रात ती जमिनीवरच्या खुणांसकट आहे आणि बाइकवाल्याला अगदी चपखल बसते.

धूळ आणि कागद उडताहेत: चौथी पायरी, ताशी २० ते २८. बिनधास्त जा. लहान झाडं डोलताहेत: पाचवी, २९ ते ३८. स्कूटरला कळू लागतं. मोठ्या फांद्या हलताहेत, विजेच्या तारा शीळ घालताहेत, छत्री सांभाळवत नाही: सहावी, ३९ ते ४९. इथे वेग कमी, मुठी सैल. अख्खं झाड हलतंय, चालायला जड जातंय: सातवी, ५० ते ६१. झाडाच्या काटक्या मोडून पडताहेत: आठवी, ६२ ते ७४. सातव्या पायरीला मी तरी बाइक बाजूला घ्या असंच सांगेन. आठवीला विचारायचंसुद्धा नाही.

रस्त्यावर खुणा भरपूर असतात. देवळावरची पताका, ढाब्याचा झेंडा, वीटभट्टीचा धूर, आडवा झोपलेला ऊस. आणि पुढे चाललेली बाइक अचानक हातभर सरकली, तर तुम्हीही पाच सेकंदांनी तिथेच सरकणार आहात.

खिंडीतला वारा

काश्मीर ते कन्याकुमारी बाइकने करणारे मराठी वीर कमी नाहीत. शेवटच्या दिवशी, कन्याकुमारी हाकेच्या अंतरावर आल्यावर, त्यांना आरलवाइमोळीची खिंड भेटते. पश्चिम घाट तिथे संपत आलेला आणि अरबी समुद्रावरचा वारा डोंगरातल्या त्या फटीतून घुसतो. शेजारच्या मुप्पंडलमध्ये देशातल्या मोठ्या पवन ऊर्जा केंद्रांपैकी एक उभं आहे ते याच कारणाने. नकाशावर डोंगररांगेत फट दिसली आणि रस्ता तिच्यातून जात असेल तर तिथे वारा असणारच. केरळ-तमिळनाडू सीमेवरची पालघाटची फट तशीच, फक्त कितीतरी रुंद.

पुलावरचा लाल सिग्नल

रामेश्वरला जोडणारा जुना पांबन रेल्वे पूल १९१४ चा. त्याच्यावर वारा मोजायचं यंत्र होतं आणि वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल आपोआप लाल. गाडी जागेवर उभी. शेजारून १९८८ मध्ये सुरू झालेला रस्त्याचा पूल जातो आणि त्याच्यावरून धनुष्कोडीकडे जाणाऱ्या बाइकची रांग असते. शेकडो टनांची रेल्वे ज्या वाऱ्याला थांबायची, तिथे दोनशे किलोंच्या बाइकने किती आधी थांबावं, हा हिशेब करायला यंत्र लागत नाही.

घरच्याच कोकण रेल्वेवरही असे वारामापक आहेत. रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंचीचा पानवल नदीवरचा पूल, गोव्यातले मांडवी आणि झुआरी, कर्नाटकातला शरावती, या पुलांवर वाऱ्याच्या वेगानुसार गाड्यांचा वेग ठरतो, वेळ पडल्यास गाड्या थांबतात.

अमेरिकेत मिशिगनमधल्या मॅकिनॅक पुलाचा मधला भाग जोराच्या वाऱ्यात हळूहळू सरकत ३५ फुटांपर्यंत बाजूला जाऊ शकतो. वारा ओसरला की पूल जागेवर. मुंबईत वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू आणि सागरी किनारा मार्ग या तिन्ही ठिकाणी दुचाकींना बंदी आहे, तेव्हा वाऱ्यात बाइक सांभाळण्याचा प्रश्न तिथे येत नाही. खाडीवरच्या इतर पुलांवर मात्र येतो. पूल सुरू होण्याआधी वेग कमी करा, आपल्या लेनच्या मधोमध राहा आणि पुलावर ओव्हरटेक टाळा.

वाऱ्याने मोडलेली शर्यत

१९५० च्या दशकात शर्यतीच्या बाइकवर पुढचं चाकसुद्धा झाकणारं मोठं गोल आवरण असायचं. त्याला सगळे ‘डस्टबिन’ म्हणायचे. इटलीतल्या कोमो सरोवराकाठी मांडेल्लो देल लारियो या गावात मोटो गुझ्झी कंपनीने तर अख्खी बाइक स्वारासकट मावेल असा वाऱ्याचा बोगदा बांधला आणि त्यात ही आवरणं तपासली. सरळ रस्त्यावर बाइक भन्नाट पळायची. पण बाजूने झोत आला की तेच आवरण शीड व्हायचं आणि तेही पुढच्या चाकावर बसवलेलं. अखेर जागतिक मोटरसायकल महासंघाने बंदी घातली आणि १९५८ पासून शर्यतीत पुढचं चाक उघडं ठेवणं सक्तीचं झालं. आज तुमच्या आमच्या स्पोर्ट्स बाइकचं पुढचं चाक उघडं दिसतं त्यामागे ही जुनी गोष्ट आहे.

ऑस्ट्रेलियातलं फिलिप आयलंड हे समुद्राला लागून असलेलं मोटोजीपीचं मैदान. २०१९ मध्ये सरावात मिगेल ऑलिव्हेरा पहिल्या वळणाशी, ताशी तीनशेच्या आसपासच्या वेगात, झोताने बाहेर फेकला गेला. स्वारांनी एकत्र येऊन नकार दिला आणि शनिवारची पात्रता फेरी रविवारवर गेली. २०२३ मध्ये अंदाज बघूनच आयोजकांनी मुख्य शर्यत रविवारऐवजी शनिवारी उरकली आणि रविवारची स्प्रिंट वाऱ्यामुळे रद्द केली. त्या शनिवारी जोहान झार्को जिंकला, मोटोजीपीतला त्याचा पहिला विजय. जगातले सगळ्यात निष्णात स्वार वाऱ्यापुढे थांबतात, यात त्यांची शान कमी झाली असं कोणी म्हटलं नाही.

भरीव चाक

‘टर्मिनेटर २’ मध्ये अर्नोल्डच्या मांडीखाली असलेली हार्ले फॅट बॉय आठवा. तिची चाकं आऱ्यांची नव्हती, भरीव चकतीची होती. दिसायला राजेशाही, पण अशा पुढच्या चाकावर आडवा वारा चांगलाच पकड घेतो. हवाईतल्या कोना इथल्या प्रसिद्ध आयर्नमॅन शर्यतीत तर याच कारणामुळे सायकलला भरीव चकतीचं मागचं चाकसुद्धा लावू देत नाहीत.

लडाखची दुपार

खारदुंग ला सुमारे १७,६०० फुटांवर. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण चाळीस टक्के विरळ. म्हणजे त्याच वेगाचा वारा तिथे तुम्हाला कमी जोराने ढकलतो! खुश होऊ नका, कारण इंजिनालाही तितकीच कमी हवा मिळते आणि दमही लागतो. मनाली-लेह रस्त्यावर पांगच्या पुढे मोरे मैदान लागतं. दूरवर पसरलेली सपाटी, आडोसा शून्य. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात, हवा वर उठते आणि दुपारनंतर दऱ्यांतून वारा सुटतो. नाले वितळत्या बर्फाने फुगतात तेही दुपारीच. लडाखमधले जाणते लोक पहाटे निघायला सांगतात, ते ऐकावं.

पदर, ओढणी, रेनकोट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम वाचनीय आहे. मागे बसणाऱ्याला धरायला हँडल, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं आवरण असलंच पाहिजे, कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. हाच तो साडीगार्ड. काही जण बाइक ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून तो काढून टाकतात. कृपया काढू नका. वाऱ्यात पदर आणि ओढणी कुठे जाईल याचा भरवसा नसतो. पदर कमरेला खोचलेला, ओढणी जॅकेटच्या आत, एवढं बाइक सुरू करण्याआधी बघायचं. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर निघणाऱ्या बायकांचा काष्टा पक्का असतो, वाऱ्याला त्यात धरायला काही मिळत नाही.

घोळदार लांब रेनकोट वाऱ्यात फुगतो. जॅकेट आणि पँट असा दोन तुकड्यांचा घ्या. आणि मिरवणुकीत मागे बसून मोठ्या काठीचा झेंडा धरणाऱ्यांना एक विनंती: कापड जितकं मोठं आणि काठी जितकी लांब, तितका झोत बाइकला जास्त पिळतो. झेंडा लहान ठेवा, मान तेवढाच राहतो.

कानातलं वादळ

हायवेच्या वेगात हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानतात. कानाला रस्त्याचा वेग कळत नाही, हवेचा कळतो: ७० ने जाताय आणि समोरून ३० चा वारा आहे, तर कानांसाठी तुम्ही शंभरने चालला आहात. दिवसभराच्या प्रवासानंतर येणारा थकवा आणि कानातला गुंजारव बराचसा याचाच. परदेशात लांबचे स्वार फोमचे बोळे वापरतात, त्यांनी गोंगाट कमी होतो. नीट बसणारं हेल्मेट आणि गळ्याभोवती बफ, एवढ्यानेही फरक पडतो.

वळवाआधीची पाच मिनिटं

एप्रिल-मेमधली दुपार, हवा कोंडलेली, पान हलत नाही. आणि अचानक गार झुळूक. छान वाटतं, पण बाइकवाल्याने तिथेच सावध व्हावं. वळवाच्या ढगातून थंड, जड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चारी दिशांना पसरते. पावसाच्या काही मिनिटं आधी धुळीचा लोट घेऊन येणारा तो पहिला झोत बहुधा त्या वादळातला सगळ्यात जोराचा असतो. त्याला ठरलेली दिशा नसते, म्हणून कल देऊनही भागत नाही. थांबायचं.

पण कुठे थांबायचं, हे थांबण्याइतकंच महत्त्वाचं. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला अशाच वादळात पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळलं आणि १७ जणांचा जीव गेला. होर्डिंग, गुलमोहर, पत्र्याची शेड, विजेचा खांब यांच्यापासून दूर, पक्क्या इमारतीच्या आडोशाला उभं राहा.

आणि स्टँड कसा लावायचा

बाइक उभी असतानाही वारा तिला पाडतो. आपला साइड स्टँड डावीकडे असतो, बाइक डावीकडे कललेली. उजवीकडून येणारा वारा तिला स्टँडवर आणखी टेकवतो, डावीकडून येणारा तिला सरळ करून पलीकडे लोटतो. म्हणून उजवी बाजू वाऱ्याकडे ठेवा. तसं जमत नसेल तर तोंड वाऱ्याकडे करा, म्हणजे बाइक मागे ढकलली जाते आणि स्टँड मिटत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका. स्टेशनबाहेरच्या गच्च रांगेत एक पडली की दहा पडतात.

मोबाइलवरच्या हवामानाच्या अॅपमध्ये तापमान आणि पाऊस बघता तसं वाऱ्याच्या झोताचा आकडाही बघत चला. तो ताशी ५० च्या वर दिसला आणि काम उद्यावर टाकता येण्यासारखं असेल, तर टाका. नसेल तर बाइक घरी ठेवा आणि एसटीने जा.